काळ्या पडद्यावर रंग कुठून येतो?

प्रश्न : सर्व्हर सांभाळायचं काम शिकतो आहे. तिथे डेस्कटॉप नाही, माउस नाही, नुसता काळा पडदा. तरी फोल्डरची नावं निळी दिसतात. ग्राफिक्स नसताना रंग येतो कुठून? आणि पिवळा मागितला की तपकिरी का मिळतो?

उत्तर : रंगाला डेस्कटॉप लागत नाही. १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर सीजीए कार्ड आलं, तेव्हापासून साध्या टेक्स्ट पडद्यावरही रंग आहे. ८० रकाने, २५ ओळी, म्हणजे २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट : एकात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात रंग. अख्खा पडदा ४००० बाइटांत मावतो! रंगाच्या बाइटमधले चार बिट अक्षराचे : लाल, हिरवा, निळा आणि उजळपणा. म्हणून रंग १६. उरलेल्या चारांतले तीन पार्श्वभूमीचे, शेवटचा अक्षर लुकलुकवण्यासाठी.

फोल्डरची यादी दाखवणारी 'एलएस' आज्ञा तुम्ही चालवता तेव्हा नावाच्या आधी एक न दिसणारी खूण जाते : एस्केप, चौकटी कंस, ०१, अर्धविराम, ३४, एम. ३४ म्हणजे निळा, ०१ म्हणजे ठळक. लिनक्सचा कन्सोल ठळक अक्षर उजळ करून दाखवतो. ही लिपी जुनी. डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनललाही असल्या खुणा समजत, जरी तो स्वतः एकरंगी होता.

आता तुमचा तपकिरी. लाल आणि हिरवा दोन-तृतीयांश ताकदीने मिसळले की मळकट पिवळा होतो. तो डोळ्यांना बरा वाटेना, म्हणून आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये नेमक्या त्याच रंगाचा हिरवा कमी करणारी जोडणी घातली. लिनक्सने ते आजवर जपलंय : लाल १७०, हिरवा ८५, निळा शून्य. खरा पिवळा हवा तर ३३ या पिवळ्याच्या आकड्यासोबत ठळकची खूण द्या.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पुढचा भाग. सीजीएनंतरच्या व्हीजीए कार्डाच्या टेक्स्ट मोडमध्ये फॉन्टात २५६ ऐवजी ५१२ अक्षरं बसवली, तर जास्तीचा बिट रंगातून काढावा लागतो. उजळपणा जातो, अक्षराला आठच रंग उरतात. देवनागरीला मात्र ही किंमत मोजूनही उपयोग नाही : घर ठरीव, त्यात एकच ठसा, 'क्षि' जुळवायची सोयच नाही. याची खंत वाटते.

आजचा कन्सोल पिक्सेलने रंगवला जातो, लाखो रंग शक्य असतात. तरी घरामागे हिशेब तेवढाच, म्हणून कुणी बारीक छटा मागितली तर १६ मधली जवळची मिळते. त्या १६ छटा मात्र तुमच्या हातात आहेत. काळ्यावर गडद निळा वाचवत नसेल तर 'सेटव्हीटीआरजीबी' या आज्ञेला तीन ओळींची फाइल द्या : लाल, हिरवा, निळा, दर ओळीत १६ आकडे. निळ्याचा आकडा प्रत्येक ओळीत पाचवा. तिन्ही ओळींतला तो थोडा वाढवून बघा.