छर्रे विखुरतात, दोष कुणाचा?

प्रश्न : दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. पावसाळ्यापासून छर्रे विखुरताहेत. काय करू? (एक वाचक, महाड)

उत्तर : आधी पिस्तूल टेकूवर ठेवून पाच-पाच छर्रे झाडा. एकाच भोकात पडले, तर चूक पकडीची किंवा चाप ओढण्याची. तिथेही विखुरले, तर सिलिंडरचा दाब तपासा आणि ४.४९ व ४.५० मिमीच्या वेगवेगळ्या डब्या आजमावून पाहा. प्रत्येक नळीची आवड निराळी. दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमीचं, त्यामुळे बारीक फरकही भोवतो. सावित्रीकाठच्या दमट हवेत शिशावर पांढरी पूड धरते. असे छर्रे बाजूला काढा, डबी घट्ट लावा. शिसं विषारी, सरावानंतर हात धुवायला विसरू नका.