जुनी गाडी घेताना अस्सल पाहावी की धडधाकट?

दुकान स्थिरस्थावर झाले, मुले हाताशी आली, की आपल्यातल्या अनेक व्यापाऱ्यांना हौसेची जुनी मोटार घ्यावीशी वाटते. कोणाला लहानपणी पाहिलेली 'डुक्कर फियाट' हवी असते, कोणाला पद्मिनी, तर कोणाला गोव्यात बनलेली दोन आसनी, उघड्या छपराची सॅन स्टॉर्म. सौदा करताना मात्र सगळ्यांपुढे एकच पेच येतो. एक गाडी रंगरंगोटी करून झकपक, पण आतले भाग इकडचे तिकडचे. दुसरी फिकी, कुरकुरणारी, पण कारखान्यातून निघाली तशीच. कोणती घ्यावी?

आम्ही कापडवाले. जुन्या पैठणीच्या व्यवहारात हा पेच आम्हाला नवा नाही. अंग एका साडीचे आणि पदर दुसऱ्या साडीचा जोडलेला माल उजेडात सुंदर दिसतो, पण जाणकार उलटी बाजू पाहून भाव निम्मा करतो. हे ठाऊक असूनही मोटारीच्या बाबतीत आम्ही फसलो, ते आधी सांगतो.

२००४ साली आम्हाला दोन पद्मिनी दाखवल्या गेल्या. पहिली जालन्यातल्याच एका गृहस्थांची. रंग उडालेला, सीट फाटलेली, इंजिन धूर टाकणारे. दुसरी एका दलालाने मुंबईकडून आणलेली, दुधासारखी पांढरी, नवी सीट, चकचकीत बंपर. आम्ही दुसरी घेतली. पहिल्याच पावसात पायाखालची चटई भिजली. चटई उचलली तर खाली पत्र्याचा तुकडा रिबिट मारून बसवलेला, दरवाज्याखालच्या पट्टीत पुट्टी भरलेली. नावावर करायला गेलो तेव्हा कळले की इंजिनचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळत नाही. दीड वर्ष ती दारात उभी राहिली आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात गेली. आपल्या जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात. आमच्या हौसेचीही कुठल्या तरी स्लॅबची सळई झाली असेल!

चूक कुठे झाली? चकाकी म्हणजेच चांगली अवस्था, असे आम्ही धरून चाललो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या या फियाट जातीच्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून तळ आणि दरवाज्याखालच्या पट्ट्या गंजल्या की गाडीचा कणाच गेला. इंजिनचे तसे नाही. १०८९ सीसीचे ते साधे चार सिलिंडरचे इंजिन आहे. बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून जाणता मिस्त्री ते पुन्हा उभे करतो. सीट कुशनवाला शिवतो, बंपरला पुन्हा निकेल चढते. म्हणजे जे डोळ्यांना आधी खुपते ते स्वस्तात सुधारते, आणि जे लपलेले असते तेच खिसा खाते.

यात मराठवाड्याची हवा आपल्या बाजूची आहे. समुद्रकाठची दमट खारी हवा पत्रा खाते, आपल्याकडची कोरडी हवा तो राखते. मुंबईत ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. तिकडून आलेली गाडी रंगवून समोर आली तर लोहचुंबक खिशात ठेवावे. दरवाजाच्या तळाशी, चाकाच्या कमानीवर, पट्टीवर फिरवावे. पत्र्याला ते चिकटते, जाड पुट्टीवर घसरते. चटया स्वतः उचलाव्यात. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची, तिथे लोहचुंबकाचा उपयोग नाही. तिच्यात तडे पाहावेत आणि रेनो इंजिनचे सुटे भाग कुठून आणणार, याचे उत्तर आधी शोधावे.

आता अस्सलपणाचे. तो रंगात नाही, नंबरांत आहे. चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा, इंजिनचा नंबर उजेडात वाचावा आणि दोन्ही आरसीशी अक्षर न अक्षर ताडून पाहावेत. एके काळी पुष्कळांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले. तो बदल आरटीओच्या परवानगीने आरसीवर चढलेला असेल तर गाडी चालवायला हरकत नाही, पण अस्सल म्हणून जादा दाम देऊ नये. चढलेला नसेल तर गाडी कितीही गोड चालो, सौदा सोडावा.

२०२१ पासून या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आली. केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, फेरनोंदणीला ५,००० रुपये. पद्मिनी हे नाव १९७४ चे, तेव्हा तिच्या पहिल्या गाड्या आत्ताच या वयात आल्या आहेत. मात्र ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. लग्नात भाड्याने देऊन पैसे काढू, असा हिशेब करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

विलायतेतही हा वाद कोर्टात गेला होता. १९२९ आणि १९३० ची ले मान्सची शर्यत जिंकलेली एक बेंटली सुमारे एक कोटी पौंडांना विकायचे ठरले. नंतर घेणारा म्हणाला, हिच्यात त्या वेळचे भाग उरलेच कुठे आहेत? १९९० साली न्यायाधीशांनी निकाल दिला की भाग बदलत गेले तरी गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नाही, म्हणून ती तीच गाडी आहे. आमच्यासारख्यांनी यातून एवढेच घ्यावे की जुनी बिले, विम्याचे कागद, पहिल्या मालकाचे आरसी बुक यांनाही किंमत असते. विकणाऱ्याकडून ती फाइल मागून घ्यावी.

तेव्हा आमचा क्रम असा: आधी कागद आणि नंबर, मग पत्रा, मग इंजिन आणि रंग सर्वांत शेवटी. अस्सल पण तळ सडलेली गाडी मोठ्या धनवंताने घ्यावी. आपल्या ऐपतीला कोरड्या पत्र्याची, फिकी, धूर टाकणारी गाडी बरी.

कारागीर बांधवांना एक विनंती. अशी गाडी हाती आली तर काढलेला जुना भाग भंगारात टाकू नका, गोणीत बांधून मालकाला द्या. आम्ही नाकारलेली ती फिकी पद्मिनी अजून जालन्यात चालते. तिच्या सीटवर नवे कापड आहे, पण जुने कापड मालकाने घडी करून डिकीत ठेवले आहे. ते आम्हाला हात लावून पाहायला दिले तेव्हा काय वाटले, ते आता काय सांगावे.