शेततळ्यातील मासळी आणि मासेखाऊ पक्षी : भागीदारांनी काय पाहावे?

मराठवाड्यात 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर शेततळ्यांची संख्या वाढली. अनेक शेतकरी त्यात कटला, रोहू व मृगळ सोडू लागले. शहरातील लहान व्यापारी व कारागीरही या धंद्यात भाग घेतात. शेत व पाणी शेतकऱ्याचे, बीज व खाद्याचा पैसा आपला, नफा ठरल्याप्रमाणे वाटून, असा हा व्यवहार असतो. धंदा चांगला आहे. मात्र त्यात एक तूट अशी येते की ती नीट समजली नाही तर पैशाबरोबर माणूसही गमवावा लागतो.

आमचाच अनुभव सांगतो. उस्मानपुऱ्यातील आम्ही चौघांनी पैठणच्या बाजूच्या एका शेततळ्यात भाग घेतला होता. जाळे ओढले तेव्हा सोडलेल्या बीजाच्या निम्म्याहून कमी मासळी निघाली. शेतकरी भाऊ म्हणाले, "पाखरांनी खाल्ली." आमचा विश्वास बसला नाही. मासळी रात्री परस्पर विकली गेली असावी, अशी कुजबुज आमच्यात सुरू झाली. शेवटी दोघे जण पहाटे जाऊन तळ्यावर बसलो. काठावर दोन राखी बगळे उभे होते, पण त्यांच्या चोचीत काही येताना दिसले नाही. उजाडल्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा पाण्यात उतरला आणि बुडी मारून वर येताना प्रत्येकाच्या चोचीत बोटुकली दिसू लागली. ते पाणकावळे होते. आम्ही शेतकरी भाऊंची माफी मागितली. त्यानंतर जे शिकलो ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, पक्षी ओळखावा. बगळा पोहून शिकार करीत नाही. तो उथळ पाण्यात पाय रोवून उभा राहतो आणि मासा जवळ आला की चोच मारतो. म्हणून मातीच्या, पसरट काठाच्या तळ्यात त्याचा त्रास जास्त. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या उताराच्या तळ्यात त्याला उभे राहायला जागा फारशी नसते. पाणकावळा मात्र पाण्याखाली पोहत माशाचा पाठलाग करतो, त्याला खोल पाणी अडवत नाही. खंड्या लहान बीज उचलतो. रातबगळा अंधारात येतो, म्हणून दिवसा काही दिसले नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरी गोष्ट, हिशेब मांडावा. मोठा पाणकावळा दिवसाला सुमारे 400 ते 500 ग्रॅम मासळी खातो. बोटुकली 20 ग्रॅमची धरली तर हे 20 ते 25 नग झाले. समजा, 30 मीटर लांब व 30 मीटर रुंद तळ्यात 800 बोटुकली सोडली आणि पाच पक्षी रोज तेथेच पोट भरू लागले, तर आठ दिवसांत तळे रिकामे होऊ शकते. लहान पाणकावळा यापेक्षा कमी खातो, पण तो थव्याने येतो. यावरून एक उपाय आपोआप सुचतो. बीज लहान सोडण्याऐवजी जाळीने झाकलेल्या छोट्या टाकीत वाढवून मगच तळ्यात सोडावे. मासा जितका मोठा, तितका तो पक्ष्याच्या घशात मावणे कठीण.

तिसरी गोष्ट, पक्ष्यावर खापर फोडण्यापूर्वी पाणी पाहावे. ढगाळ हवेत व पहाटे पाण्यातील प्राणवायू कमी होतो. मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर येतात आणि अशा गळाठलेल्या माशांवर पक्षी तुटून पडतात. तेव्हा रोग पाण्यात असतो, पक्षी फक्त त्याची खबर देतो. अशा वेळी खाद्य बंद ठेवावे, पंपाने पाणी उडवावे व ताजे पाणी सोडावे.

आता बंदोबस्त. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वरून जाळे. ते जाड, ठळक दिसणाऱ्या धाग्याचे व ताणून बांधलेले असावे. सैल, बारीक नायलॉनच्या जाळ्यात पक्षी अडकून मरतात. जाळे परवडत नसेल तर पाण्यावर आडव्या दोऱ्या ताणाव्यात. पाणकावळ्याला उडण्यासाठी पाण्यावर धावावे लागते, दोऱ्यांमुळे त्याला उतरणे व उडणे अवघड होते. वरच्या मापाच्या तळ्यावर दर 3 मीटरला एक अशा 9 दोऱ्या, म्हणजे गाठींसह सुमारे 300 मीटर दोरी लागते. बगळ्यासाठी पाण्याच्या कडेने 20 व 35 सेंटिमीटर उंचीवर दोन दोऱ्या बांधाव्यात. तळाशी पाइपचे तुकडे टाकल्यास माशांना लपायला जागा मिळते. त्यांना दोरी बांधून ठेवावी, म्हणजे जाळे ओढण्यापूर्वी काढता येतील. बुजगावण्याला पक्षी काही दिवसांत सरावतात, त्याची जागा बदलत राहावी.

पाइपचे सांगाडे करणारे वेल्डर आणि जाळ्याच्या कडा शिवणारे कारागीर आपल्याच मोहल्ल्यात आहेत. तळ्याच्या मापाचे तयार संच करून दिले तर त्यांनाही नवे काम मिळेल.

बंदूक, विष वा फासे यांचा विचारही करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे. जवळच नाथसागरावर 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा पक्षी येणारच. पाणकावळ्यांचा हा वाद युरोपातील मत्स्यपालकांनाही सुटलेला नाही. आपल्या शहरातील जुन्या खिजरी तलावाला आज पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली (1896-1987) यांचे नाव आहे. पक्षी मोजायचा, त्याच्या सवयी टिपायच्या आणि मगच मत बनवायचे, ही त्यांची शिस्त व्यापाऱ्यालाही उपयोगी आहे.

शेवटी भागीदारीविषयी. करार तोंडी ठेवू नये. बीज दोघांसमक्ष मोजून सोडावे. वहीत तारीख, मेलेले मासे, सकाळ-संध्याकाळ दिसलेले पक्षी व महिन्याचे नमुना वजन लिहावे. जाळ्याचा खर्च कोणी करायचा व पक्ष्यांमुळे आलेली तूट कशी वाटायची, हे आधीच ठरवावे. आमच्याकडे अशी वही असती तर त्या शेतकरी भाऊंवर संशय घेण्याची वेळ आली नसती. पुढच्या हंगामात त्यांनीच आम्हाला पुन्हा भागीदार करून घेतले. त्या वेळी पहिली खरेदी वहीची झाली, दुसरी दोरीची आणि बीज त्यानंतर आले.