दारातला बर्फ : कागलकडून येणाऱ्यांसाठी

कागलात सकाळी दारात सडा टाकला की अंगणाचं काम संपलं. इथं टोरांटोकडं जानेवारीत दार उघडावं, तर गाडी कुठं आहे तेच दिसत नाही. दोन वेळा कंबर धरली की नवा माणूस विचारतोच, ‘ड्राइव्हवेखाली तापणारी केबल घालून घेऊ का?’ आधी येऊन राहिलेल्यांचं म्हणणं : पहिला हिवाळा फावड्यानं काढा.

कारण वीज. ही केबल चौरस फुटाला साधारण 50 वॉट खाते. दोन गाड्यांची 500 चौरस फुटांची जागा म्हणजे 25 किलोवॉट. उसाच्या पाण्याच्या साडेसात एचपीच्या चार मोटारी एकदम सुरू केल्यासारखं. 240 व्होल्टवर शंभराहून जास्त अँपिअर लागतात, आणि बऱ्याच जुन्या घरांचं अख्खं पॅनेलच 100 अँपिअरचं असतं. आठ तास चालली की 200 युनिट. अमेरिकेत मिशिगनमधल्या हॉलंड गावानं 1988 पासून वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर रस्ते तापवलेत. साखर कारखान्याच्या गावाला तो हिशेब लगेच पटेल. आपल्याला मात्र बिल भरायचंय.

म्हणून शहाणी घरं चाकांपुरते दोन-दोन फुटांचे पट्टेच तापवतात. 40 फुटांच्या वाटेला 8 किलोवॉटमध्ये भागतं. आई-वडील हिवाळ्यात येणार असतील तर आधी पायऱ्यांखाली केबल घाला.

काम काढायचं ते ड्राइव्हवे नव्यानं घालतानाच. केबल जाळीला बांधून काँक्रीटमध्ये दोन-तीन इंच खोल जाते. उरली म्हणून तापणारी केबल कापायची नाही. रोध कमी होतो, करंट वाढतो आणि ती जळते. काँक्रीट ओतण्याआधी, ओतताना आणि नंतर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायला सांगा, आकडे लिहून घ्या. एकदा काँक्रीट बसलं की दोष दुरुस्त करायला फोडावंच लागतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दहा वर्षं मेंटेनन्स केला असला, तरी हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच द्या.

सेन्सर थंडी आणि ओल दोन्ही ओळखणारा घ्या, नाहीतर कोरड्या थंडीतही मीटर पळतो. वितळलेलं पाणी जायला वाट ठेवा. ते कडेला गोठलं की काच होते.

आणि फावडं टाकून देऊ नका. बर्फ काढणारी गाडी रस्त्यावरचा ढीग तुमच्या दाराशी लोटून जाते. तो केबलला आवरत नाही.