‘निंदा’ शब्दाचा अर्थविचार

‘निंदा’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘निन्द्’ धातूत आहे. धातुपाठ त्याचा अर्थ ‘कुत्सा’, म्हणजे तुच्छ लेखणे, असा देतो. अर्थात् दोष खरा की खोटा हा येथे मूळ प्रश्न नव्हे. बोलणाऱ्याची बुद्धी हा मूळ प्रश्न होय. खरा दोष हितबुद्धीने समक्ष सांगणे ही निंदा नव्हे; तोच हिणवण्यासाठी माघारी सांगणे ही निंदाच होय. अशा माघारच्या बोलण्यास ‘पैशुन्य’ म्हणतात. ‘पिशुन’ म्हणजे चहाडखोर, त्याचा भाव ते पैशुन्य. गीतेच्या सोळाव्या अध्यायात पैशुन्याचा अभाव दैवी संपत्तीत गणिला आहे.

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू, शेजारची तेलुगू. तेलुगूत ‘निंद’ म्हणजे आळ. फारसीतून आलेल्या ‘बदनामी’त ‘बद’ म्हणजे वाईट. ‘अब्रू’त ‘आब’ म्हणजे पाणी व ‘रू’ म्हणजे मुख. अब्रू म्हणजे मुखावरील पाणी. ते उतरले की माणूस निस्तेज होतो. संस्कृत शब्द निंदकाची बुद्धी दाखवितो, तेलुगू शब्द त्याची कृती, आणि फारसी शब्द निंदिताची हानी.

ही हानी किती खोल जाते, याचे उदाहरण पंथाच्या नावातच आहे. ‘महान्’ आणि ‘अनुभाव’ मिळून ‘महानुभाव’. अनुभाव म्हणजे तेज, प्रभाव. लोकोच्चारात त्याचे ‘मानभाव’ झाले, आणि पुढे ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी असा अर्थ मराठीत रूढ झाला. गौरवाचे नाव दूषण बनले. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतानाही आज तो शब्द सहज वापरला जातो. निंदक जातो, निंदा भाषेत राहते.

असे का झाले? ग्रंथ सांकेतिक लिपींत होते. बाहेरच्यांस ते वाचता येत नव्हते, आणि त्या अज्ञानात प्रवादांना वाव मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांनी सकळ लिपी उलगडली. १९२५ मध्ये य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ निघाला. ग्रंथ वाचले गेले तसे गैरसमज ओसरू लागले. प्रतिनिंदेने हे साधले नसते.

म्हणून साधकाने दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. आपली निंदा झाल्यास सत्य उघडे ठेवावे. आणि इतर पंथाविषयी बोलताना, त्याचे ग्रंथ न वाचता, ऐकीव शब्द जिभेवर येऊ देऊ नये. ज्याचे नावच निंदेने मळविले गेले, त्याने तरी दुसऱ्याचे नाव मळवू नये.