नारू आणि पायऱ्यांची विहीर

नारू हा फार प्राचीन रोग होय. पाण्याबरोबर पोटात गेलेला कृमी सुमारे वर्षभर शरीरात वाढतो आणि अखेर, बहुधा पायावर, फोड आणून बाहेर पडतो. बाहेर पडणारी मादी दोऱ्यासारखी बारीक, पण कित्येकदा एक मीटरपर्यंत लांब असते. ती काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढून काढावी लागते. मध्येच तुटली तर पाय सुजतो, पिकतो आणि रोगी कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. या कृमीला मारणारे औषध नाही आणि रोग टाळणारी लसही नाही.

या रोगाचा प्रसार प्रामुख्याने पायऱ्यांच्या विहिरींतून व तळ्यांतून होत असे. फोडाची आग असह्य होते, पाण्यात पाय बुडवला की बरे वाटते. घागर भरायला पायऱ्या उतरून जाणाऱ्या माणसाचा पाय तर पाण्यात बुडतोच. नेमक्या त्याच क्षणी मादी आपली असंख्य पिले पाण्यात सोडते. ती सायक्लोप्स नावाच्या चिमुकल्या कवचधारी जिवाच्या पोटात जाऊन दोनेक आठवड्यांत वाढतात. असे पाणी पिणाऱ्याच्या शरीरात पुढचा प्रवास सुरू होतो. सायक्लोप्सची ही भूमिका रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनी 1870 च्या सुमारास दाखवून दिली.

शास्त्रज्ञाला हे कळले तरी गावकऱ्याला पटणे सोपे नव्हते. पाणी प्यायल्यावर पोट दुखले असते तर संबंध लगेच जुळला असता; येथे कारण आणि परिणाम यांत वर्षाचे अंतर! गेल्या उन्हाळ्यातल्या घोटाचा यंदाच्या फोडाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. नारू मुळातच माणसाच्या रक्तात असतो, ही समजूत आफ्रिकेतील खेड्यांतही आढळली आहे. अशा ठिकाणी भित्तिपत्रकापेक्षा पेलाभर पाणी अधिक बोलके ठरते. विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले की झटके देत पोहणारे पांढरे ठिपके साध्या डोळ्यांनीही दिसतात. तेच पाणी कापडातून गाळले की दिसेनासे होतात.

दुहेरी घडीचे दाट कापड पुरते; मात्र ते फाटके नसावे आणि रोज वापरावे. घरातील पाणी गाळून घेतले, तरी शेतावर तहान लागल्यावर ओंजळीने प्यायलेले पाणी गाळलेले नसते, ही उणीव राहतेच. शिवाय जिथे दुसरे पाणीच नाही, तिथे ‘या विहिरीत उतरू नका’ असे सांगणे निरर्थक होय. म्हणून भारताच्या नारू निर्मूलन कार्यक्रमात शिकवणीबरोबरच पायऱ्या बंद करून कठडा व रहाट बसवणे, हातपंप खोदणे, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लोप्स मारणे ही कामेही हाती घेण्यात आली.

हा कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू या सात राज्यांत नारूचा उपद्रव होता आणि 1984 मध्ये देशात सुमारे 40,000 रोगी नोंदले गेले. घरोघर फिरून रोगी शोधले जात. रोगी बरा होईपर्यंत त्याने पाण्यात उतरू नये, हे त्याच्या घरच्यांना समजावले जाई. शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. तरी शोध थांबला नाही, नव्या रोग्याची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

आफ्रिकेत काम अद्याप संपलेले नाही. 1986 मध्ये जगात अंदाजे 35 लाख लोकांना हा रोग होत असे. 2023 मध्ये केवळ 14 रोगी नोंदले गेले. परंतु चाड देशात 2012 पासून कुत्र्यांतही नारू आढळू लागला. तेथील खेड्यांत आता गाळण्याच्या कापडाबरोबर आणखी दोन गोष्टी शिकवल्या जातात: माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरावीत आणि नारू झालेले कुत्रे पाण्यापासून दूर, दाराशी बांधून ठेवावे.