अमेरिकेत टिप किती द्यायची?

आपल्यापैकी बरेच जण एमएससाठी अमेरिकेला जायची स्वप्नं बघतायत. जीआरईची तयारी सगळेच करतात, पण टिपचं गणित कोणी शिकवत नाही. ते मी इथे मांडते.

आपल्याकडे बडीशेपच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले की झालं. ती आपली खुशी. तिकडे मात्र टिप हा पगाराचाच भाग आहे. केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, पण टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही! उरलेले टिपमधून यावेत अशी अपेक्षा. कमी पडले तर मालकाने भरायचे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, तरी टिपची पद्धत तिथेही आहेच.

आता गणित. वेटर टेबलवर वाढत असेल, तर टॅक्सआधीच्या बिलाच्या १५ ते २० टक्के. समजा बिल ४० डॉलर, तर १८ टक्क्यांनी ७.२० डॉलर. कार्डाच्या स्लिपवर टिपची जागा कोरी असते, ती आपण भरायची. ग्रुप मोठा असेल तर ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावलेली असू शकते, म्हणून बिल नीट वाचा. काउंटरवरून स्वतः बर्गर आणला तर टिपची सक्ती नाही.

डॉलरचे रुपये केले की हात आखडतो, हे खरंय. म्हणून मेनूवरची किंमत टिप-टॅक्ससकट साधारण सव्वापट धरूनच आत शिरा. परवडत नसेल तर रूमवर खिचडी लावा, पण वाढणाऱ्याची मेहनत बुडवू नका.